चांगले सॉफ्टवेअर कशाला म्हणावे?
(संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी आणि या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी)

कापड दुकान असो, किराणा असो, औषधांचे दुकान असो की यंत्रमागाचा कारखाना असो, आज लाल कापडाच्या चोपडीची जागा संगणकाने घेतली आहे. बिल संगणकावर निघते, उधारी संगणकात राहते, मालाचा साठा संगणक सांगतो आणि कराचे विवरणपत्रही त्याच्याच आकड्यांवर भरले जाते. पूर्वी दुकानात मुनीम ठेवायचा झाला तर आपले वडीलधारे दहा ठिकाणी चौकशी करीत. माणूस कोणाचा, हिशेबाला कसा, हात साफ आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय गल्ल्याजवळ कोणाला बसू देत नसत. वजनकाटा घेतानाही त्यावर सरकारी शिक्का आहे की नाही हे आपण पाहतो. पण संपूर्ण धंद्याचा हिशेब ज्याच्या हाती द्यायचा ते सॉफ्टवेअर घेताना मात्र बहुतेक व्यापारी एकच प्रश्न विचारतात, "कितीला?"

हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो शेवटचा असावा. त्याआधी कोणते प्रश्न विचारावेत हे कळण्यासाठी चांगले सॉफ्टवेअर म्हणजे काय आणि ते घडते कसे, याची थोडी माहिती हवी. ती आम्ही या लेखात सोप्या शब्दांत देत आहोत.

सॉफ्टवेअर म्हणजे काय?

संगणक हे यंत्र स्वतःहून काहीच जाणत नाही. त्याला काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि अमुक घडले तर पुढे काय करायचे, हे सर्व लिहून द्यावे लागते. या लिहिलेल्या सूचनांच्या संचाला सॉफ्टवेअर म्हणतात. जुन्या पुस्तकांत यासाठी 'आज्ञावली' असा शब्द सापडतो. नव्या नोकराला आपण "दुकान सांभाळ" एवढे सांगितले तरी तो अर्धे काम अंदाजाने करतो. गिऱ्हाईकाने फाटकी नोट दिली तर घेऊ नये, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र अंदाज नाही. सांगितले तेवढेच तो करतो, आणि चुकीचे सांगितले तर तेही तो न थकता हजार वेळा करतो. सॉफ्टवेअर बनविण्याची सारी कठीणाई या एका गोष्टीत आहे.

पहिली कसोटी : गरज ओळखलेली असावी

चांगल्या सॉफ्टवेअरची सुरुवात संगणकापासून होत नाही, माणसाच्या अडचणीपासून होते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'व्हिझीकॅल्क'.

१९७८ साली अमेरिकेत हार्वर्डच्या व्यवसाय शिक्षणाच्या विद्यालयात डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी शिकत होता. त्याच्या वडिलांचा छापखान्याचा धंदा होता. वर्गात प्राध्यापक फळ्यावर आडव्या-उभ्या रेघांचा तक्ता काढून एखाद्या धंद्याचे अंदाजपत्रक मांडीत. त्यातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सर्व आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. एक जरी पुसायचा राहिला तरी सगळा हिशेब चुके. ब्रिकलिनच्या मनात आले, असा फळा असावा की एक आकडा बदलताच बाकीचे आपोआप बदलतील. त्याने आधी एक कच्चा नमुना करून पाहिला. मग त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन याने खरे सॉफ्टवेअर लिहिले आणि १९७९ साली ते ॲपल दोन या संगणकासाठी विक्रीला आले. आज आपण ज्या तक्त्यांवर सहज बेरजा-टक्केवाऱ्या करतो, त्यांचे हे मूळ होय. तोपर्यंत छोटा संगणक हा हौशी मंडळींचा खेळ समजला जाई. केवळ हे सॉफ्टवेअर चालविता यावे म्हणून व्यापारी आणि हिशेबनीस संगणक विकत घेऊ लागले.

या दोघांनी काम करताना वापरणाऱ्यासाठी सूचनांचे एक छोटे पत्रकही बरोबरीने तयार ठेवले होते. एखादी सोय त्या पत्रकात सोप्या शब्दांत समजावता येईना, तर ते पत्रक वाढवीत नसत, सॉफ्टवेअरच बदलीत. वापरणाऱ्याला समजत नसेल तर दोष वापरणाऱ्याचा नाही, ही दृष्टी त्यामागे होती. आजही हा नियम तितकाच खरा आहे.

आपल्या देशातील उदाहरण 'टॅली'चे आहे. श्यामसुंदर गोयंका यांचा गिरण्या-कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरविण्याचा व्यवसाय होता. हिशेबासाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी आपला मुलगा भरत याला ते तयार करावयास सांगितले. १९८६ साली बंगळुरूमध्ये या कामाची कंपनी सुरू झाली. त्या काळातील अनेक हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खात्याला एक सांकेतिक क्रमांक द्यावा लागे आणि मुनिमाला तो पाठ करावा लागे. टॅलीने ही सक्ती काढून टाकली. खाते नावाने उघडायचे, नावाने शोधायचे, जसे आपण चोपडीत करीत आलो तसेच. व्यापाऱ्याने संगणकाची भाषा शिकण्याऐवजी संगणकाने व्यापाऱ्याची भाषा शिकली. टॅली गावोगाव पोहोचली, त्यामागे हे मोठे कारण आहे. भरत गोयंका यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

दुसरी कसोटी : घाईने नव्हे, रीतीने घडलेले असावे

सॉफ्टवेअर लिहिणे म्हणजे टंकलेखकासारखे भराभर टंकणे, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात लिहिण्याचे काम सर्वांत थोडे असते.

शेरवानी शिवणारा चांगला कारागीर काय करतो? आधी माप घेतो, कापड कसे पडेल याचा विचार करतो, मग कापतो, कच्ची शिवण घालून अंगावर चढवून पाहतो आणि शेवटी पक्की शिवण मारतो. कापड कापण्याला थोडा वेळ लागतो, पण कात्री लावण्याआधीचा विचार आणि नंतरची पारख यांनाच खरा वेळ लागतो. सॉफ्टवेअरचेही असेच आहे.

अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९६४ साली 'सिस्टिम ३६०' नावाच्या संगणकांची मालिका जाहीर केली. त्या संगणकांचा कारभार पाहणारे मुख्य सॉफ्टवेअर तयार करण्याचे काम फ्रेड ब्रुक्स यांच्याकडे होते. हजारावर माणसे कामाला लागली, तरी काम मुदतीत झाले नाही, खर्च अंदाजाबाहेर गेला आणि सुरुवातीला त्यात दोषही पुष्कळ निघाले. या अनुभवावर ब्रुक्स यांनी १९७५ साली एक पुस्तक लिहिले आणि ते या व्यवसायातील लोक आजही वाचतात. त्यांनी दिलेली वेळेची वाटणी अशी : एकूण वेळेचा एक तृतीयांश भाग आखणीसाठी, एक षष्ठांश भाग लिहिण्यासाठी आणि उरलेला निम्मा भाग तपासणीसाठी. म्हणजे सहा महिन्यांच्या कामात दोन महिने विचार, एक महिना लेखन आणि तीन महिने तपासणी. जो कोणी तुम्हाला "पंधरा दिवसांत सगळे करून देतो" असे म्हणतो, तो यातला कोणता भाग गाळणार आहे, हे त्याला जरूर विचारावे. बहुधा तपासणीचाच भाग गळतो.

ब्रुक्स यांचा दुसरा निष्कर्ष व्यापारी माणसाला आधी पटत नाही. काम मागे पडले म्हणून आणखी माणसे लावली तर काम आणखी मागे पडते, असे ते सांगतात. माल चढविण्याच्या कामावर चार हमालांऐवजी आठ लावले तर गाडी लवकर भरते, मग येथे असे का? कारण हमालांना एकमेकांशी बोलावे लागत नाही. सॉफ्टवेअर करणाऱ्या प्रत्येकाला मात्र दुसरा काय करीत आहे हे माहीत असावे लागते. तीन माणसे असतील तर बोलाचालीच्या जोड्या तीन. दहा माणसे झाली की जोड्या ४५ होतात आणि पन्नास माणसांत त्या १,२२५ होतात. शिवाय नव्या माणसाला सारे समजावून सांगण्यात जुन्या जाणत्या माणसाचा वेळ जातो. देगीखालचा जाळ दुप्पट केला म्हणून बिर्याणी निम्म्या वेळात दमावर येत नाही, खालून करपते. तसाच हा प्रकार आहे.

सॉफ्टवेअरची कामे रखडतात, महागतात आणि सदोष निघतात, ही तक्रार १९६० च्या दशकातच इतकी वाढली होती की ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश या गावी नाटो संघटनेच्या वतीने या प्रश्नावर एक परिषद भरली. पूल बांधणारा इंजिनिअर जसा मोजून-मापून, जबाबदारीने काम करतो तशी शिस्त या कामातही आली पाहिजे, हा विचार तेथून जगभर पसरला.

तिसरी कसोटी : पैशाचा हिशेब पैशाला जुळावा

आता थोडे आतल्या गोष्टींकडे पाहू. संगणक बेरजेत कधीच चुकत नाही, असे आपण मानतो. पण तो आकडे शून्य आणि एक या दोनच अंकांत साठवितो. १ ला ३ ने भागले तर आपल्या दशांश पद्धतीत ०.३३३३ असे न संपणारे उत्तर येते. त्याचप्रमाणे एक दशांश, म्हणजे रुपयातील दहा पैसे, हा आकडा संगणकाच्या पद्धतीत नेमका बसत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने काळजी घेतली नाही, तर दहा पैसे आणि वीस पैसे यांची बेरीज तीस पैशांपेक्षा किंचित अधिक येते. हा फरक अतिसूक्ष्म असतो, पण लाखो नोंदींत आणि तुलनेच्या वेळी तो डोके वर काढतो. म्हणून जाणता कारागीर रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवतो, किंवा दशांशासाठी असलेली खास सोय वापरतो.

दुसरा प्रश्न पूर्णांकाचा. समजा एका वस्तूची किंमत १० रुपये १० पैसे आहे आणि कर ५ टक्के आहे. एका वस्तूवरचा कर साडेपन्नास पैसे होतो, तो ५१ पैसे धरला. अशा दहा वस्तूंचा कर ५ रुपये १० पैसे. पण दहा वस्तूंची बेरीज १०१ रुपये करून त्यावर कर काढला तर तो ५ रुपये ५ पैसे येतो. एका बिलात पाच पैशांचा फरक पडला. दिवसाला अशी ५०० बिले झाली की २५ रुपयांचा फरक होतो. यातील कोणती रीत धरायची हे आधी ठरलेले असावे आणि बिल, खतावणी व विवरणपत्र या तिन्ही ठिकाणी तीच रीत लागू असावी. नाहीतर तेरीज जुळत नाही आणि बिचारा मुनीम रात्र रात्र चूक शोधीत बसतो.

तिसरी गोष्ट, नोंद अर्धवट होऊ नये. बिल तयार होत असताना वीज गेली, साठ्यातून माल कमी झाला पण गल्ल्यात पैसे जमा दिसले नाहीत, असे होता कामा नये. व्यवहार झाला तर संपूर्ण झाला, नाहीतर झालाच नाही, असे सॉफ्टवेअरने पाहिले पाहिजे. हे कसे साधावे यावर अमेरिकेतील जिम ग्रे यांनी मूलभूत काम केले. बँकांचे व्यवहार आज ज्या विश्वासाने होतात, त्याच्या मुळाशी हे काम आहे. १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना याच क्षेत्रातील कामासाठी मिळाला.

चौथी कसोटी : जुना माल नव्या कामाला लावताना पुन्हा तपासलेला असावा

"हे सॉफ्टवेअर अमुक दुकानात पाच वर्षे चालू आहे, काही तक्रार नाही," असे विक्रेते नेहमी सांगतात. ते खरेही असते. पण तेथे चालले म्हणून येथे चालेलच असे नाही.

४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून युरोपचा 'एरियन ५' हा नवा अग्निबाण पहिल्यांदाच सोडण्यात आला. सुमारे ४० सेकंदांत तो दिशा सोडून वळला आणि आकाशातच फुटला. त्याच्यासोबत चार वैज्ञानिक उपग्रह नष्ट झाले. चौकशीत जे निघाले ते विचार करण्यासारखे आहे. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर आधीच्या एरियन ४ वरून घेतलेले होते आणि तेथे ते व्यवस्थित चालत होते. त्यात एक मोठा आकडा छोट्या जागेत ठेवला जात असे. त्या जागेत जास्तीत जास्त ३२,७६७ हा आकडा मावत होता. एरियन ४ च्या वेगात तो कधी ओलांडला गेला नाही. एरियन ५ चा मार्ग वेगळा आणि आडवा वेग अधिक होता, म्हणून आकडा मावेना आणि यंत्रणा बंद पडली. राखीव म्हणून दुसरी यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर असल्याने तीही त्याच कारणाने बंद पडली. आणखी दुःखाची बाब अशी की, ज्या भागात ही चूक झाली त्याचे काम उड्डाणापूर्वीच संपले होते. उड्डाणानंतर त्याची गरजच नव्हती. नव्या मार्गाचे आकडे घालून ते सॉफ्टवेअर आधी चालवून पाहिले असते तर दोष जमिनीवरच सापडला असता.

आपल्यासाठी यातून बोध एवढाच की, दुसऱ्याच्या दुकानातले सॉफ्टवेअर घेताना आपल्या दुकानातील खरे आकडे घालून ते चालवून पाहावे. त्याची किरकोळ विक्री असेल, आपली ठोक असेल. त्याचा माल नगावर विकला जात असेल, आपला मीटरवर आणि ताग्यावर विकला जात असेल.

पाचवी कसोटी : बदल पचवता यावा

सॉफ्टवेअर एकदा केले की संपले, असे होत नाही. कायदे बदलतात, दर बदलतात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि बिलाचे स्वरूपच बदलले. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढून ५ आणि १८ हे दोन टप्पे ठेवण्यात आले.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये कराचा दर ठिकठिकाणी सूचनांच्या पोटात कोंबलेला असतो, तेथे तो शोधून शोधून बदलावा लागतो आणि एखादा राहून जातो. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये दर वेगळ्या तक्त्यात असतात आणि प्रत्येक दरापुढे तो कोणत्या तारखेपासून लागू हे लिहिलेले असते. त्यामुळे जुने बिल उघडले तर जुनाच दर दिसतो आणि नवे बिल नव्या दराने निघते. जुनी बिलेही नव्या दराने दाखवू लागले, तर असे सॉफ्टवेअर तुमचे मागील सारे हिशेब बिघडवीत आहे असे समजावे.

सर्वांत मोठी कसोटी : चूक झाली तर ती दिसावी

आता आम्ही जी हकीकत सांगणार आहोत ती प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षपूर्वक वाचावी. ब्रिटनमध्ये गावोगावची छोटी पोस्ट कार्यालये खाजगी माणसे कराराने चालवितात. पुष्कळदा ती दुकानालाच जोडलेली असतात. यात आपल्या उपखंडातून तिकडे गेलेली अनेक कुटुंबे आहेत. १९९९-२००० पासून या कार्यालयांत 'होरायझन' नावाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर बसविण्यात आले. पुढे ते फुजित्सू या कंपनीचे झाले. संगणकावरचा हिशेब आणि गल्ल्यातील रोकड जुळेना. संगणक तूट दाखवू लागला. तूट पडली तर ती पोस्टचालकाने स्वतःच्या खिशातून भरायची, असा अर्थ कराराला लावला जाई. कोणी घर गहाण टाकले, कोणी दागिने विकले. ज्यांनी "यंत्रात दोष आहे" म्हटले त्यांना, अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात, असे सांगण्यात आले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० पेक्षा जास्त लोक चोरी, अफरातफर, खोटा हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. २०१० साली तर एका गर्भवती स्त्रीला तुरुंगात जावे लागले. संगणक नीट चालत होता असेच तेथील न्यायालये गृहीत धरीत, आणि तो चुकला हे दाखविण्याची वेळ आरोपीवर येई. पण दाखविणार कसे? आतल्या नोंदी तर कंपनीच्या हाती होत्या.

प्रत्यक्षात दोष होते. एक दोष असा होता की रोकड जमा केल्याची नोंद करताना पडदा थिजल्यासारखा होई. माणूस पुन्हा कळ दाबी, आणि प्रत्येक दाबण्याला तीच रक्कम पुन्हा नोंदली जाई. पैसे एकदाच आलेले, पण हिशेबात अनेकदा. स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन येथे २०१५ साली हा प्रकार उघड झाला. शिवाय कार्यालयातील खात्यांत कंपनीची माणसे दुरून फेरफार करू शकत होती, हेही वर्षानुवर्षे नाकारले गेले. गल्ल्याच्या हिशेबाचा भाग मुळातच नीट बांधलेला नाही, तो नव्याने लिहावा, असे १९९८ च्या अंतर्गत अहवालात सुचविले गेले होते. तसे झाले नाही.

ॲलन बेट्स या पोस्टचालकाने चिकाटीने लोक एकत्र केले. ५५५ जणांनी दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सॉफ्टवेअर सदोष असल्याचा निर्णय दिला. एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांची शिक्षा एकाच दिवशी रद्द झाली आणि मे २०२४ मध्ये खास कायदा करून उरलेल्या शेकडो लोकांची नावे साफ करण्यात आली. पण गेलेली वर्षे, मोडलेले संसार परत आले नाहीत. या छळामुळे किमान १३ जणांनी आपला जीव दिला असण्याची शक्यता चौकशी समितीच्या जुलै २०२५ च्या अहवालात नोंदविली आहे.

या हकीकतीतून चांगल्या सॉफ्टवेअरचे खरे लक्षण कळते. दोष नसलेले सॉफ्टवेअर दुर्मिळ आहे. चांगले सॉफ्टवेअर ते, जे एकच नोंद दोनदा होऊ देत नाही, कोणी केव्हा काय बदलले याची न पुसता येणारी नोंद ठेवते, आणि ती नोंद ज्याचा हिशेब त्याला पाहू देते. आणि चांगला सॉफ्टवेअरवाला तो, जो तक्रार आली की आधी आपले काम तपासतो, गिऱ्हाईकाला खोटे ठरवीत नाही. हिशेब ही अमानत आहे. ती सांभाळणारा माणूस असो वा यंत्र, जबाब देण्याची तयारी हवीच.

आपल्याकडेही १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत कंपन्यांना असे हिशेबी सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ही नोंद बंद करता येत नाही. एकट्या मालकाच्या दुकानाला ही सक्ती नाही, पण सोय म्हणून ती प्रत्येकाने मागून घ्यावी.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

वाचक बंधू-भगिनींनी पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात असे आम्ही सुचवितो.

१) आपल्या दुकानातील एका पूर्ण दिवसाचे खरे व्यवहार घालून पाहा. उधारी, परत आलेला माल, सूट, फाटलेला तागा, सगळे. संध्याकाळी रोकड जुळते का पाहा.

२) मुद्दाम चूक करा. रकमेच्या जागी अक्षरे टाका, एकच कळ दोनदा दाबा, बिल निघताना संगणक बंद करा. मग नोंद काय झाली ते तपासा.

३) चूक झाल्यावर संगणक काय सांगतो ते वाचा. "चूक क्रमांक अमुक" एवढेच सांगत असेल तर ते निरुपयोगी आहे. काय चुकले आणि आता काय करावे, हे समजेल अशा भाषेत आले पाहिजे.

४) बदलांची नोंद आहे का? नोकराने रात्री बिल खोडले तर सकाळी मालकाला कळेल का?

५) आपली सारी माहिती साध्या तक्त्यात बाहेर काढून घेता येते का? उद्या विक्रेता धंदा बंद करून गेला तर आपली उधारीची यादी त्याच्याबरोबर जाता कामा नये.

६) रोजची प्रत वेगळ्या जागी ठेवता येते का? आणि त्या प्रतीवरून हिशेब पुन्हा उभा करून दाखवायला सांगा. नुसती प्रत असणे पुरेसे नाही.

७) कायदा किंवा दर बदलला तर बदल कोण करणार, किती दिवसांत आणि किती पैशांत? हे लेखी घ्या.

या सात गोष्टींना समाधानकारक उत्तर मिळाले की मग किंमत विचारावी.

तरुणांसाठी दोन शब्द

आज अनेक मुले-मुली संगणकाचे शिक्षण घेत आहेत. भाषा आणि साधने दर काही वर्षांनी बदलतात, आता तर सूचना लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. पण वर सांगितलेल्या सहा कसोट्यांपैकी एकही केवळ भराभर लिहिण्याने पार पडत नाही. ज्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर करायचे त्या धंद्यात आधी बसून पाहिले पाहिजे. कीर्द-खतावणी समजून घ्यावी, मुनिमाला कोठे अडते ते विचारावे, कच्चा नमुना करून त्याच्या हाती द्यावा आणि तो कोठे अडखळतो ते गप्प बसून पाहावे. ज्यांच्या घरी दुकान, कारखाना किंवा कारागिरी आहे त्यांना हे शिक्षण घरातच मिळते. ब्रिकलिन छापखानेवाल्याचा मुलगा होता आणि गोयंका व्यापाऱ्याचा, हे येथे लक्षात घ्यावे. आपल्या बाजारपेठेत अशा अनेक अडचणी आहेत, ज्यांच्यासाठी अजून कोणी सॉफ्टवेअर केलेले नाही. त्या आपल्या मुलांनी ओळखाव्यात आणि जे करून देतील त्याच्या आकड्यांची जबाबदारीही स्वीकारावी. त्यांच्या आकड्यांवर कोणाचे तरी घर आणि कोणाची तरी अब्रू अवलंबून असणार आहे.